हार्बू, टेआ फोन

हार्बू, टेआ फोन : (२७ डिसेंबर १८८८–१ जुलै १९५४). जर्मन पटकथालेखिका, कादंबरीकर्त्री व अभिनेत्री. जन्म बव्हेरियातील होफजवळच्या टाउपर्लिट्स येथे, एका सरदार घराण्यात. १९०६ पासून ती रंगभूमीवर भूमिका करू लागली. रूडोल्फ क्लाइन-रोगे या नटाशी १९१४ मध्ये तिचा विवाह झाला. पुढे अभिनय सोडून तिने लेखनास वाहून घेतले. दास इंडिशे ग्राबमाल (१९१८, म. शी. ‘भारतीय समाधी’) ही कादंबरी तिने भारत प्रत्यक्ष न पाहताच लिहिली. तिची पटकथा तिने फ्रिट्स लांग याच्या सहकार्याने तयार केली. दिग्दर्शन मात्र निर्माता योए माय याने स्वतःकडेच घेतले (१९२१). लांगशी ती १९२२ मध्ये विवाहबद्ध झाली.

डेर म्यूडे टोड (१९२१), डी निबेलुंगेन (१९२४), एम (१९३१) इ. लांगच्या प्रमुख चित्रपटांच्या पटकथांत तिचा वाटा आहे. मुर्नाऊ व ड्रायर या दिग्दर्शकांसाठीही तिने लिहिले.

मेट्रोपोलिस (१९२७) या चित्रपटाने तिला कीर्ती आणि दूषणे दोन्ही दिली. भूगर्भात राबणारे मजूर आणि वर विलासात राहणारे मालक यांचा समेट अखेरीस हृदयाच्या मध्यस्थीने होतो. ही भाबडी कल्पना हार्बूची आणि भव्य दृश्यरचना लांगची, अशी वाटणी टीकाकारांनी करून टाकली. ती न्याय्य नाही. निम्मा दोष आपलाही आहे, हे लांगने पुढे मान्य केले होते. शिवाय वितरकांनी चित्रपटाची कापाकापी करून हेल या मृत स्त्रीचे उपकथानक वगळल्याने पात्रांचे हेतूच दुर्बोध झाले होते. २००८ मध्ये ब्वेनस एअरीझ येथे जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली, तोवर पटकथेची परीक्षा या खंडित रूपावरूनच होत राहिली.

डेर हेर्शर (१९३७) या चित्रपटाची गोष्ट वेगळी. त्यातील हुकूमशाही वृत्तीचा उद्योगपती आपला कारखाना राष्ट्राला अर्पण करतो. मेट्रोपोलिसमधील समेटाचे हे नाझी रूपांतरच म्हणावे लागेल, आणि त्याचा दोष लांगवर टाकता येत नाही. १९३३ मध्ये घटस्फोटानंतर तो देश सोडून गेला होता. हार्बू जर्मनीतच राहिली व नाझी पक्षाची सदस्यही झाली.

याच सुमारास बेळगावजवळच्या बेळगुंदीचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी तिने गुप्तपणे विवाह केला होता. वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्या राजवटीला तो रुचणे शक्य नव्हते. महायुद्धापूर्वी तेंडुलकर भारतात परतले. ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात टाकले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी महात्मा गांधींच्या आशीर्वादाने इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला.

युद्धानंतर हार्बूला ब्रिटिशांनी काही काळ स्थानबद्ध केले. सुटकेनंतर तिने बर्लिनमध्ये पडक्या इमारतींचा राडारोडा उपसण्याचे कामही केले. १९५४ मध्ये बर्लिन महोत्सवात डेर म्यूडे टोड पाहून बाहेर पडताना ती पडली व त्या दुखापतीतून सावरली नाही. तिच्या कादंबरीवरील, लांगच्या हातून निसटलेला तो भारतीय विषय त्याने १९५९ मध्ये दोन भागांत पडद्यावर आणला. त्यातील काही चित्रीकरण उदयपूर येथे झाले.