प्रो. देवधरांची दीर्घ खेळी

क्रीडांगणावरील कीर्ती बहुधा अल्पायुषी असते. विशी-पंचविशीत नावारूपास आलेला खेळाडू चाळिशी गाठण्यापूर्वीच प्रेक्षकांत जाऊन बसतो. ह्या सामान्य नियमास जे थोडे अपवाद झाले, त्यांत प्रो. दिनकर बळवंत देवधर यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. १९११ साली ते पहिल्या दर्जाच्या क्रिकेट सामन्यांत उतरले व १९४८ पर्यंत खेळत राहिले. तेवढ्या अवधीत दोन महायुद्धे होऊन गेली, देश स्वतंत्र झाला. देवधरांनी बॅट मात्र खाली ठेवली नाही.

क्रिकेट हा त्यांचा उपजीविकेचा व्यवसाय नव्हता. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. अमेरिकेत बर्फावरील हॉकीत ख्रिस चेलिओस नावाचा बचावपटू १९८४ पासून २०१० पर्यंत २६ हंगाम खेळला आणि ४८ वर्षांचा होऊन निवृत्त झाला. त्याची चिकाटी असामान्यच. परंतु तो धंदेवाईक खेळाडू होता, खेळ हेच त्याचे काम होते, आणि वर्षानुवर्षे सामन्यांची रांग त्याच्यापुढे उभी असे. देवधरांची गोष्ट निराळी. ३७ वर्षांत त्यांच्या वाट्यास पहिल्या दर्जाचे अवघे ८१ सामने आले. म्हणजे वर्षाकाठी सरासरी दोनांहून थोडे अधिक. एका खेळीपासून दुसरीपर्यंत कित्येक महिने जात. तेवढा काळ, शिकविण्याचे काम सांभाळून, शरीर चपळ आणि नजर तीक्ष्ण ठेवणे, हाच त्यांचा खरा पराक्रम होय.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानात आला. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंच्या संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी ११ षटकारांसह १५३ धावा झोडून काढल्या. पाठोपाठ डिसेंबरात त्याच मैदानावर अखिल हिंदी संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या. ह्या दोन खेळींनी एक गोष्ट सिद्ध केली. विलायती गोलंदाजीपुढे हिंदी फलंदाज एखाद्या घटकेपुरता चमकतो असे नव्हे. तो पाय रोवून उभाही राहू शकतो.

पुढे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना सुरू झाला. ज्यांनी ह्या मानाची वाट मोकळी केली, त्यांतील नायडू त्या दिवशी कर्णधार होते. देवधर संघातच नव्हते. त्यांचे वय तेव्हा ४० होते. पुढेही कसोटी सामना त्यांच्या नशिबी आला नाही. मनात अढी धरून ते घरी बसले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

परंतु त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून तेजस्वी ठरला. १९३४ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र संघ उभा राहिला. देवधरांच्या नेतृत्वाखाली ह्या संघाने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताचा व १९४०-४१ मध्ये मद्रासचा पराभव करून लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. सांगलीचे विजय हजारे ह्याच संघातून पुढे आले. १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. पुढील हंगामात पुण्यास मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या आणि मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली. त्या अटीतटीच्या सामन्यात ४८ वर्षांच्या देवधरांनी २४६ धावा केल्या. चेलिओसने खेळ थांबविला त्याच वयात हा गृहस्थ आपली सर्वांत मोठी खेळी खेळत होता! पुढे १९४४ साली, ५२ वर्षांच्या वयात, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके केली: १०५ व १४१.

ह्या विजयांचे मोल केवळ पुण्यापुरते नव्हते. मुंबईस जिमखाने होते, धनिकांचा आश्रय होता. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील खेळाडूस तसा आधार कोठला? आजही जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या मुलास रणजी स्पर्धेपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर त्याचा मार्ग महाराष्ट्राच्या संघातूनच जातो. मुंबईच्या तोडीस तोड असा संघ मुंबईबाहेर उभा राहू शकतो, हा विश्वास त्या संघास प्रथम मिळाला तो देवधरांच्या कर्णधारपदाच्या काळात. खानदेशातील घराघरांनी हे ऋण लक्षात ठेवावे, असेच ते आहे.

खेळाची ही आवड घरातही उतरली. त्यांच्या तारा, सुंदर व सुमन ह्या कन्यांनी १९४० नंतरच्या दशकात बॅडमिंटनमध्ये देशभर नाव मिळविले. १९७३-७४ पासून देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर ४५२२ धावा आहेत. त्याहून कितीतरी अधिक धावा करणारे पुढे पुष्कळ झाले. पण डावलले गेल्यानंतरही सोळा वर्षे पुढच्या सामन्यासाठी सज्ज राहणे, हे आकड्यांत मावणारे नव्हे.