मातीचा बांध आणि उताराचा मुलूख

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर सुमारे 1300 मीटर उंचीवर उगम पावते आणि पोलादपूरला येईपर्यंत त्यातली बहुतेक उंची गमावून बसते. महाडजवळ तर तिला खाडीच्या भरतीचे पाणी भेटते. या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही डोंगरावरच्या वाड्यांत मार्चनंतर हंडे घेऊन पायपीट सुरू होते. पाऊस कमी नाही, उतार जास्त आहे. पाणी थांबत तर नाहीच, उलट पऱ्या आपला तळ खणत मागे मागे सरकतो आणि वरच्या शेताची माती घेऊन जातो.

यावरचा उपाय जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुचवला होता. सरकारने फौजेतल्या व पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून ताली, बंधारे अशा बेताने बांधून घ्यावेत, की पावसाचे पाणी आधी शेतांत मुरावे आणि मग ओढ्यानाल्यांना मिळावे. मुंबई प्रांताचा जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला तो 1942 मध्ये! पुढे 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर नालाबांध व पाझर तलाव राज्यभर झाले.

असा बांध दोन कामे करतो. पाणी साठवतो, हे दिसते. दुसरे सहसा लक्षात येत नाही. सांडव्याची पातळी पक्की असली, की पऱ्याचा तळ तिथे त्याखाली खणला जात नाही. वरच्या अंगाला गाळ बसतो आणि उतार सौम्य होतो. मात्र पाणी मातीच्या माथ्यावरून वाहू लागले, तर बांध तासाभरातही वाहून जाऊ शकतो. म्हणून सांडवा शक्यतो बाजूच्या कातळात काढतात. सोलापूरकडच्या पावसाला पुरणारा सांडवा इथे उपयोगाचा नाही, इथला पाऊस पाचपट आहे.

याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, चिपळूण तालुक्यात, तिवरे येथील मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्यावर टीकेची झोड उठली. बिळे बांधाला घातक असतात, हे खरेच आहे. पण ती शोधून बुजवणे हेच तर देखभालीचे काम, आणि हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला, असे आम्हाला वाटते.

मातीचा बांध थोडा झिरपणारच. पायथ्याशी निघणारे पाणी काचेच्या पेल्यात धरले आणि ते नितळ व रोज तेवढेच असले, तर सहसा काळजी नसते. प्रवाह वाढला किंवा पाणी गढूळ झाले, तर ते आतली माती घेऊन येते आहे आणि आत पोकळी वाढते आहे. अशा वेळी खालच्या वस्तीला सावध करून त्याच दिवशी तहसील कार्यालयात कळवावे. हे पाणी मोठ्यांनीच आणावे. मुलांना पेला वर्गात दाखवावा.