ओझर विमान कारखाना

ओझर विमान कारखाना : लढाऊ विमाने बांधणारा भारत सरकारच्या मालकीचा कारखाना, हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा (एचएएल) नाशिक विभाग. स्थापना १९६४. नाशिक शहराच्या ईशान्येस सुमारे २० किमी.वर, मुंबई–आग्रा महामार्गालगत, निफाड तालुक्यात. एका अंगाला ओझर गाव व बाणगंगा नदी, दुसऱ्या अंगाला दिंडोरी तालुक्यातील जानोरी; भोवताली द्राक्षबागा आणि कांद्याची शेते. कारखाना व त्याची वसाहत पंचक्रोशीत ‘मिग’ याच नावाने ओळखली जाते. मिग विमानांची बांधणी थांबून दशके लोटली, तरी पत्ता सांगताना लोक ‘ओझर मिग’ असेच सांगतात. धावपट्टी कारखान्याची असून नाशिकची प्रवासी विमानसेवाही तिच्यावरूनच चालते.

जिल्ह्यात या कारखान्याचे नाव निघते ते बहुधा नोकऱ्यांच्या संदर्भात. तीन पिढ्यांतल्या फिटर, टर्नर, वेल्डर, अभियंत्यांची घरे त्यावर उभी राहिली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखानदारांना मापातली काटेकोर शिस्त इथल्या कामाने लावली. मात्र हा कारखाना का निघाला, त्यात कोणते विमान बांधायचे आणि ते कोणाच्या इंजिनावर उडवायचे, हे दर वेळी चीन, अमेरिका आणि रशिया यांच्या आपसांतल्या संबंधांनी ठरवले. प्रस्तुत नोंद त्या अंगाने केली आहे.

पार्श्वभूमी : मिग–२१ साठी सोव्हिएत संघाशी बोलणी १९६२ च्या उन्हाळ्यात चालू होती. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ–१०४ ही ध्वनीपेक्षा वेगवान विमाने मिळाली होती आणि भारताजवळ त्या तोडीचे काही नव्हते. भारताने मिग घेऊ नये म्हणून अमेरिका व ब्रिटन या दोघांनी दबाव आणला. तरीही ऑगस्ट १९६२ मध्ये करार झाला. त्यात तयार विमानांबरोबर भारतात उत्पादन करण्याचा परवाना होता, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने तेच कलम महत्त्वाचे ठरले.

दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तोपर्यंत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले होते आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना नेहरूंनी दिल्लीला बोलावून घेतले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असे महाराष्ट्र तेव्हा अभिमानाने म्हणत होता. संसदेत जाण्यासाठी चव्हाणांना मतदारसंघ दिला तो नाशिकने. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते तिथून बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी मिगच्या उत्पादनासाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि कामाची वाटणी ठरली : सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापूट येथे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन आजची एचएएल झाली.

मे १९६४ मध्ये चव्हाण अमेरिकेला गेले होते. चीनशी झालेल्या युद्धात अमेरिकेने शस्त्रे आणि वाहतुकीची विमाने पाठवून मदत केली होती, त्यामुळे एफ–१०४ मिळतील अशी आशा होती. अमेरिकेने ती दिली नाहीत. नेहरूंच्या निधनामुळे चव्हाणांना दौरा अर्धवट सोडून परतावे लागले. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले आणि मिग प्रकल्प पक्का करून आले. अमेरिकेच्या नकाराचे कारण उघड होते : साम्यवादी चीनला रोखायला भारत हवा होता, पण पाकिस्तानसारख्या करारबद्ध मित्राला दुखवून नको होता. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला आणि ओझरचा निर्णय योग्य होता याबद्दल दिल्लीत शंका उरली नाही. १९७१ मध्ये भारताच्या मिग–२१ ने पाकिस्तानचे एफ–१०४ कच्छच्या आखातावर पाडले.

चीनमधील समांतर वाट : भारत मिग–२१ साठी बोलणी करत होता, त्याच्या वर्षभर आधीच सोव्हिएत संघाने तेच विमान बांधण्याचा परवाना चीनला देऊ केला होता. मात्र दोन साम्यवादी देशांत फूट पडली होती. १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ चीनमधून निघून गेले होते आणि मिगची कागदपत्रे व सुटे भाग अपुरे पोहोचले. चिनी अभियंत्यांनी मिळालेली विमाने उकलून, मापे घेऊन, गहाळ आराखडे स्वतः तयार करून जे–७ हे विमान बांधले. त्याचे पहिले उड्डाण १७ जानेवारी १९६६ रोजी शेनयांग येथे झाले. पुढे उत्पादन मुख्यतः छंगतू येथे गेले आणि सुधारणा होत होत ते २०१३ पर्यंत चालले.

ओझर आणि छंगतू यांची तुलना इथे केल्यावाचून राहवत नाही. १९६४ मध्ये माओने ‘तिसरी फळी’ नावाची योजना हाती घेतली. किनाऱ्यावरचे कारखाने अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात सापडतील या भीतीने अवजड आणि लष्करी उद्योग सिच्वान, ग्वेइचौ, शान्शी अशा आतल्या डोंगराळ प्रांतांत हलवले गेले. म्हणजे ज्या वर्षी चीनच्या भीतीने भारताने ओझरला कारखाना काढला, त्याच वर्षी अमेरिकेच्या भीतीने चीनने आपले कारखाने आत नेले. विमान एकच होते. भारताला कागदपत्रे, यंत्रे, सोव्हिएत प्रशिक्षक सारे मिळाले. चीनला फारसे काही मिळाले नाही. साठ वर्षांनंतर छंगतू स्वतःच्या आराखड्याची जे–२० ही रडारला चकवणारी विमाने बांधते आहे.

याचे कारण चीनच्या राज्यपद्धतीत शोधावे लागते, आणि ते शोधताना त्या पद्धतीचे कौतुक किंवा निर्भर्त्सना करण्याची घाई करू नये. चीनमध्ये सैन्य पक्षाचे आहे. मध्यवर्ती लष्करी आयोगाचा अध्यक्ष सामान्यतः पक्षाचा सर्वोच्च नेताच असतो, विमाने बांधणारे एव्हिक हे महामंडळ सरकारी आहे आणि त्याच्या प्रत्येक घटकात पक्षाची समिती बसते. पंचवार्षिक योजनेत एखाद्या उद्योगाला अग्रक्रम मिळाला की सरकारी बँका, प्रांतिक सरकारे, विद्यापीठे त्यामागे लागतात. त्याच्या खर्चासाठी संसदेला विचारावे लागत नाही. तोटा किती झाला हे लेखापरीक्षक जाहीर करत नाही. अपयश वीस वर्षे पोसता येते. माओच्या काळात या पद्धतीने नासाडीच अधिक केली. सांस्कृतिक क्रांतीत कारखाने विस्कटले, अभियंत्यांना शेतावर पाठवले गेले आणि जे–७ चे उत्पादन रखडले. १९७८ नंतर दंग श्याओफिंग यांनी बाजार खुला केला, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि निर्यातीतून अमाप पैसा आला. निर्णय पक्षाचा आणि पैसा बाजाराचा, अशी सांगड बसल्यावर मात्र चिनी विमान उद्योगाने वेग घेतला.

१९७२ ते १९८९ या काळात अमेरिका चीनच्या पाठीशी होती, हे आज सहज विसरले जाते. १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला गेले ते सोव्हिएत संघाला शह द्यायला. १९८० च्या दशकात चीनच्या जे–८ विमानांत अमेरिकी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवण्याचा ‘पीस पर्ल’ नावाचा करार झाला होता. जून १९८९ मध्ये तिआनआनमन चौकातल्या हत्याकांडानंतर तो बारगळला, अमेरिकेने शस्त्रविक्रीवर बंदी घातली आणि चीन पुन्हा रशियाकडे वळला. तिथून त्याने सुखोई–२७ घेतली.

सुखोई पर्व : ओझरमध्ये मिग–२१ च्या तीन मुख्य आवृत्त्या मिळून सहाशेच्या आसपास विमाने बांधली गेली. पाठोपाठ मिग–२७ आली, दीडशेहून अधिक. जुन्या मिग–२१ ना नवे रडार व क्षेपणास्त्रे देऊन ‘बायसन’ बनवण्याचे कामही इथेच झाले. पुढे मिग–२१ च्या अपघातांवरून देशात संताप होता आणि तो रास्त होता. अनेक तरुण वैमानिक गेले. पण दोष एकट्या विमानाचा किंवा बांधणाऱ्यांचा नव्हता. नवशिक्या वैमानिकाला अशा वेगवान विमानावर बसवण्याआधी जे प्रगत प्रशिक्षण विमान लागते ते, म्हणजे ब्रिटिश बनावटीचे हॉक, भारताने २००८ च्या सुमारासच हवाई दलात आणले. निर्णय लांबवण्याची ही किंमत होती. मिग–२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये तिची पहिली तुकडी तिथेच उभी राहिली होती.

सुखोईच्या बाबतीत चीन आणि भारत पुन्हा एकाच विमानाच्या दोन वाटांवर आले. चीनने १९९० च्या दशकाच्या मध्याला २०० सुखोई–२७ शेनयांगला बांधण्याचा परवाना घेतला. सुमारे १०० झाल्यावर रशियन संच घेणे थांबवले आणि स्वतःचे रडार, स्वतःची उपकरणे घालून जे–११बी काढले. रशियाने तक्रारी केल्या, उपयोग झाला नाही. भारताने डिसेंबर २००० मध्ये १४० सुखोई–३० एमकेआय ओझरला बांधण्याचा करार केला. नंतरच्या मागण्या धरून इथून २२२ विमाने निघाली. पहिले नोव्हेंबर २००४ मध्ये हवाई दलाला मिळाले. ब्राह्मोस क्षेपणास्त्र लावलेल्या सुखोईचे पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी ओझरच्याच धावपट्टीवरून झाले, आणि गलवान येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर लडाखवर गस्त घालणाऱ्या विमानांत ओझरची सुखोई होती.

भारताने करार पाळला, चीनने मोडला, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. ओझरच्या कारागिरांकडे कौशल्य कमी कधीच नव्हते. त्यांच्याकडे कच्च्या धातूपासून सुखोईचा सांगाडा बनवण्याची क्षमता आली. त्यांना दिले गेले नाही ते आराखडा बदलण्याचे काम. रचनाकार बंगळुरूला होते, तिथे १९६१ मध्ये ‘मरुत’ हे स्वदेशी लढाऊ विमान उडाले होते. त्याला पुरेसे ताकदवान इंजिन मिळाले नाही आणि पुढची पिढी निघाली नाही. आराखडा एका शहरात, बांधणी दुसऱ्या शहरात आणि इंजिन परदेशात, ही विभागणी भारताला नडली. तिचे खापर लोकशाहीवर फोडता येणार नाही, कारण अमेरिका आणि फ्रान्स लोकशाही देशच आहेत. शिवाय इंजिनाच्या बाबतीत चीनही दीर्घकाळ परावलंबी होता : जे–१० आणि सुरुवातीची जे–२० रशियन इंजिनांवरच उडाली.

तेजस आणि अमेरिका : ११ जानेवारी २०११ रोजी जे–२० ने छंगतूला पहिले उड्डाण केले तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्ये पाहुणे होते. त्यानंतरच्या दशकात दोन देशांचे वैर उघडे झाले. २०१८ पासून आयात शुल्काची लढाई. त्याच वर्षी रशियाकडून सुखोई–३५ विमाने व एस–४०० क्षेपणास्त्रे घेतल्याबद्दल चीनच्या लष्करी खरेदी विभागावर अमेरिकी निर्बंध. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत संगणक चिपांवर बंदी. चीनकडे उलट हत्यार होते दुर्मीळ मृदा धातूंचे. २०२२ मध्ये एका भागातल्या चुंबकात चिनी मिश्रधातू आढळला म्हणून अमेरिकेला एफ–३५ लढाऊ विमानांची सुपूर्दगी काही काळ थांबवावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा भारतातल्या वाहन उद्योगालाही चुंबकांचा तुटवडा जाणवला.

या वैरामुळे अमेरिकेची भारताविषयीची भूमिका १९६४ च्या नेमकी उलट झाली आहे. तेजस या भारतीय आराखड्याच्या विमानाला जनरल इलेक्ट्रिकचे एफ–४०४ इंजिन आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने याच प्रकल्पाची मदत तोडली होती. आता तिची कंपनी इंजिने विकते आणि अधिक ताकदीचे एफ–४१४ भारतात बनवण्याबाबत एचएएलशी तिचा जून २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला आहे. तरीही पुरवठ्याची दोरी परक्या हातातच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये आले, ठरल्यापेक्षा जवळपास दोन वर्षे उशिरा. तोवर बांधून झालेली विमाने इंजिनांची वाट पाहत होती.

तेजस मार्क–१ए च्या बांधणीची तिसरी साखळी ओझरला सुरू झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तिचे उद्घाटन केले आणि नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस त्या दिवशी उडाले. वर्षाला आठ विमानांची तिची क्षमता आहे. एचटीटी–४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी साखळीही त्याच दिवशी सुरू झाली. डिसेंबर २०२४ च्या करारानुसार आणखी १२ सुखोई–३० इथेच बांधायच्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये एचएएलने आणखी ११३ एफ–४०४ इंजिनांचा करार केला. एफ–४१४ च्या वाटाघाटींत इंजिनाच्या तप्त भागातील पात्यांचे धातुशास्त्र आणि त्यांवरील लेपनाचे तंत्र हा कळीचा मुद्दा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते भारताने या दोन बाबींवर तडजोड करू नये, आणि मिळालेल्या तंत्रात फेरफार करण्याचा अधिकार करारातच लिहून घ्यावा. मिगच्या आणि सुखोईच्या करारांत ओझरला तो कधी मिळाला नव्हता.