पालक, लोह आणि सरकलेले दशांश चिन्ह

एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकलेली असेल. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पालकातील लोहाचे प्रमाण मोजले. आकडा लिहिताना किंवा छापताना दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकले आणि पालकात प्रत्यक्षात आहे त्याच्या दहापट लोह असल्याची समजूत जगभर पसरली. पुढे चित्रकथेतला पॉपाय खलाशी पालकाचे डबे रिकामे करू लागला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नावडता पालक गिळावा लागला. अखेर १९३० च्या दशकात कोणीतरी फेरमोजणी केली आणि चूक उघडकीस आली.

गोष्ट सुटसुटीत आहे. दशांश चिन्हाचे महत्त्व, एककांची काळजी, छापील मजकुरावर अंधविश्वास न ठेवण्याची सवय, असे बरेच काही तिच्या आधारे शिकवता येते. आम्हीही ती शिक्षकांच्या शिबिरांत अनेकदा सांगितली आणि प्रत्येक वेळी श्रोते हसले. अडचण एकच आहे. दशांश चिन्ह सरकल्याचा पुरावा सापडलेला नाही. काळजीपूर्वक वाचा, असे बजावणारी ही गोष्ट आम्हीच काळजीपूर्वक वाचली नव्हती.

ती कशी तयार झाली आणि कशी पसरली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

गोष्ट कोठून आली?

ही गोष्ट सर्वदूर पोहोचली ती एका लेखामुळे. डिसेंबर १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकात टेरेन्स हॅम्ब्लिन या रक्तरोगतज्ज्ञाने विज्ञानातील लबाड्या आणि चुका यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. त्यात पालकाचा हा किस्सा होता. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी फेरतपासणी केली, तेव्हा मूळ संशोधकांनी दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिल्याचे आढळले, असे त्यांनी लिहिले. या विधानाला त्यांनी कोणताही संदर्भ दिला नव्हता. पण लेखक डॉक्टर, नियतकालिक नामांकित आणि किस्सा रंजक! मग काय, पाठ्यपुस्तके, व्याख्याने, वृत्तपत्रांतील सदरे अशा सगळ्या ठिकाणी तो जाऊन बसला.

हॅम्ब्लिन हे याचे पहिले निवेदक नव्हते. अर्नॉल्ड बेंडर या ब्रिटिश आहारशास्त्रज्ञाने १९७२ मधील एका व्याख्यानात आणि १९७७ मध्ये 'स्पेक्टेटर' या साप्ताहिकाला पाठवलेल्या पत्रात असेच काहीसे म्हटले होते. फोन वोल्फ यांनी १८७० च्या सुमारास दिलेला आकडा फार मोठा होता, १९३७ मध्ये शुफान यांनी तो तपासला तेव्हा दहापट कमी भरला, असा त्यांचा मुद्दा होता. पण बेंडर यांची भाषा सावध होती. पालकाची कीर्ती दशांश चिन्हाच्या चुकीवर उभी असावी, 'असे दिसते', एवढेच त्यांनी म्हटले होते. पुढच्या निवेदकांच्या तोंडी 'असे दिसते' गळून पडले आणि अंदाजाची घटना झाली.

२०१० मध्ये नॉटिंगहॅम येथील गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी या गोष्टीचा माग काढला. त्यांनी हॅम्ब्लिन यांनाच विचारले. तीस वर्षांपूर्वी ही माहिती आपण कोठून घेतली, हे हॅम्ब्लिन यांना आठवत नव्हते. जुने कागद धुंडाळूनही सटन यांना दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावा मिळाला नाही. उलट एक गमतीची बाब समोर आली. १९३२ मधल्या एका चित्रपट्टीत पॉपाय स्वतःच सांगतो, की पालकात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते म्हणून आपण तो खातो. लोहाचा तेथे उल्लेख नाही. म्हणजे पॉपायचा धागाही तुटला.

२०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकडाल या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने या साऱ्या प्रकाराला 'विद्वानांच्या दंतकथा' या सदरात टाकले. मूळ लेखन न वाचता दुसऱ्याने दिलेला संदर्भ आपल्या लेखात उतरवून घेण्याची सवय अशा दंतकथांना जन्म देते, असे त्यांनी दाखवले. चुकीच्या संदर्भांमुळे खोटी माहिती कशी पसरते, यावर १९९५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता. त्या लेखातही हीच गोष्ट खरी मानून सांगितली होती!

एक पान, तीन आकडे

मग पालकातील लोहाचे जुने आकडे मोठे का होते? येथे तक्ता वाचण्याचे कौशल्य कामी येते.

ताज्या पालकात सुमारे ९१ टक्के पाणी असते. आजच्या अमेरिकी तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह असते. हीच पाने पूर्ण वाळवली तर १०० ग्रॅमचे साडेआठ-नऊ ग्रॅम उरतात. लोह मात्र तेवढेच राहते. म्हणजे १०० ग्रॅम वाळलेल्या पालकात सुमारे ३० मिलिग्रॅम लोह येईल. वाळलेली पाने जाळली तर १०० ग्रॅम ताज्या पालकाची जेमतेम १.७ ग्रॅम राख मिळते. त्या हिशेबाने १०० ग्रॅम राखेत सुमारे १६० मिलिग्रॅम लोह भरेल.

२.७, ३० आणि १६०. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकाच पालकाचे आहेत. फरक आहे तो 'कशाच्या १०० ग्रॅममध्ये?' या प्रश्नाचा. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ वाळलेल्या पदार्थाचे किंवा राखेचे आकडे देत असत. फोन वोल्फ यांचे १८७१ चे पुस्तक मुळात वनस्पतींच्या राखेच्या पृथक्करणाचेच आहे. असा आकडा वाचताना तक्त्याचे शीर्षक नजरेआड झाले, तर दशांश चिन्हाला हातही न लावता दहापट चूक होऊ शकते.

दुसरे कारण आणखी साधे आहे. पालक जमिनीलगत वाढतो आणि त्याच्या पानांना माती चिकटते. मातीत लोह असते. समजा, मातीत ५ टक्के लोह आहे. १०० ग्रॅम पानांबरोबर अशी अवघी १०० मिलिग्रॅम माती प्रयोगशाळेत गेली, तर ५ मिलिग्रॅम लोह वाढले. म्हणजे पानातील लोहाच्या जवळजवळ दुप्पट लोह केवळ मातीतून आले!

आपल्याकडील तक्ते

हा प्रश्न परदेशापुरता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पुस्तक आपल्याकडच्या आहारशास्त्राचा पाया मानले जाते. त्याच्या १९७० च्या दशकातील आवृत्त्यांत पालकातील लोह १०० ग्रॅममागे १०.९ मिलिग्रॅम दिले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ते १.१४ मिलिग्रॅम झाले. २०१७ मध्ये याच संस्थेने नव्याने तयार केलेल्या तक्त्यांत ते सुमारे ३ मिलिग्रॅम आहे.

१०.९ आणि १.१४ हे आकडे पाहून वाचकाला लगेच वाटेल, 'सापडले दशांश चिन्ह!' पण क्षणभर थांबू या. १०.९ मधील चिन्ह एक घर सरकवले तर १.०९ मिळते, १.१४ नव्हे. शिवाय त्याच पुस्तकात माठाचे लोह २५.५ वरून ३.४९ वर आले आहे. तेथे फरक दहापट नसून सुमारे सातपट आहे. म्हणजे ही छपाईची दुरुस्ती नव्हे, हे नवे मोजमाप आहे. पुस्तकाबाहेर न जाता, दोन ओळींची तुलना करून एवढे ठरवता येते. अशी तुलना करायला दोन मिनिटे पुरतात, मात्र पहिला विचार मनाला फार पटला की ती करण्याची इच्छाच होत नाही.

फरक पडतो कोणाला?

कोणी म्हणेल, पालकात तीन मिलिग्रॅम लोह असो की अकरा, बिघडले कुठे? बिघडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के आहे. आपल्या नववी-दहावीच्या वर्गात बसलेल्या, दुपारनंतर पेंगणाऱ्या मुलींपैकी कित्येक जणी यांत असतील.

भारतीय शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. जुना आकडा धरला, तर पाव किलोहून थोड्या जास्त पालकात काम भागेल असे वाटते. नव्या आकड्याने हिशेब केला, तर रोज सुमारे एक किलो पालक लागेल. शिवाय पानातले सारे लोह रक्तात उतरत नाही. वनस्पतीजन्य लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू असे 'क' जीवनसत्त्व असलेले काही घेतले तर शोषण वाढते, आणि जेवणालगत चहा घेतला तर घटते. 'पालक खा, रक्त वाढेल' एवढ्यावर विसंबून एखाद्या मुलीने शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी बाजूला ठेवली, तर जुन्या तक्त्यातील चूक तिच्या अंगावर येते.

उलट टोकाची चूकही टाळायला हवी. 'पालकात लोह नसतेच, ती सगळी छपाईची चूक होती' असे सांगणारेही भेटतात. पालक ही चांगली पालेभाजी आहे. तिच्यात इतर पालेभाज्यांसारखेच लोह आहे, शिवाय 'अ' जीवनसत्त्व देणारे कॅरोटीन आणि फॉलिक आम्लही आहे. पालक खावा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

कमी वेळात, पण नीट

शिक्षकांना वेळ कमी असतो. प्रत्येक विधानाचे मूळ शोधणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. या इतिहासावरून आम्ही आमच्यापुरता एक क्रम ठरवला आहे. लेख हातात घेतल्यावर तो पहिल्या ओळीपासून वाचत न जाता, त्यातले मुख्य विधान कोणते हे आधी शोधायचे. मग ते विधान ज्या एका आकड्यावर किंवा साक्षीवर उभे आहे तेवढेच तपासायचे. तक्ता असेल तर आकड्यांआधी शीर्षक, एकक आणि तळटीप वाचायची. साक्ष असेल तर विचारायचे: लेखकाने हे स्वतः पाहिले, मूळ ठिकाणी वाचले, की कोणाकडून ऐकले? हा खुंटा पक्का निघाला तर बाकीचा मजकूर निवांत वाचावा. ढिला निघाला तर वाचण्याचा वेळ वाचला!

आणखी एक गोष्ट आम्ही शिकलो. हॅम्ब्लिन यांचा निष्कर्ष, म्हणजे पालक असामान्य नाही हा, बरोबर होता. त्यामागची कहाणी मात्र निराधार होती. निष्कर्ष पटला की कारण तपासायचे आपण विसरतो. म्हणून आपल्या मताशी जुळणारा, ऐकताना हसू आणणारा किस्सा भेटला, की तेथे जरा जास्त थांबावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

पालकाची एक जुडी आणा. धुण्याआधी आणि धुतल्यावर पाणी निथळून वजन करा. पाने दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा वजन करा. उन्हात वाळवलेल्या पानांत थोडे पाणी राहतेच, त्यामुळे उत्तर नऊ टक्क्यांच्या थोडे वर येईल. मग मुलांना विचारा, १०० ग्रॅम ताज्या पालकात २.७ मिलिग्रॅम लोह असेल तर तुमच्या वाळलेल्या पालकाच्या १०० ग्रॅममध्ये किती?

त्यानंतर मुलांना घरून बिस्किटाच्या किंवा शक्तिवर्धक पेयाच्या पुड्याचे वेष्टन आणायला सांगा. त्यावरील आकडे १०० ग्रॅममागे आहेत, एका बिस्किटामागे आहेत, की दुधात मिसळल्यानंतरचे आहेत? जाहिरातीत त्यांपैकी कोणता आकडा ठळक छापला आहे?

शिबिरात पालकाची गोष्ट आम्ही अजूनही सांगतो. पूर्वी ती दशांश चिन्हापाशी संपायची. आता श्रोते हसून झाले की आम्ही विचारतो, "हे तुम्हांला कोणी सांगितले?" बहुधा कोणालाच आठवत नाही. आम्हांलाही आठवत नव्हते. पुढचे काम तेथूनच सुरू होते.