श्रीकृष्ण वेलिणकरांचे द्विपंखी विमान

तापीच्या या तीरावरील आपल्या जैनाबादेला इतिहासाची वाण कधीच नव्हती. फारुकी सुलतान नसीरखानाने संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने पैलतीरी बुऱ्हाणपूर वसविले आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने ऐलतीरी जैनाबाद. १६३१ साली बुऱ्हाणपुरात मुमताजमहल हिचे निधन झाले, तेव्हा तिचे पहिले दफन आपल्याच आहुखान्याच्या बागेत झाले. सुमारे सहा महिन्यांनी देह आग्र्यास नेण्यात आला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि त्या व पुढच्या काळात आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज येथे स्थिरावले. अशा गावात बसून पहिल्या महायुद्धातील एका विमानाविषयी लिहावे, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु दोन वर्षे ज्या विमानाची प्रतिकृती मी आणि माझा नातू घराच्या पडवीत घडवीत होतो, त्याची कथा आपल्याच एका विस्मृत माणसाची आहे.

त्यांचे नाव श्रीकृष्ण चंदा वेलिणकर. हे मुंबईचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात वैमानिक म्हणून लढलेल्या भारतीयांत चार नावे प्रामुख्याने घेतली जातात. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरल चंदर सेन आणि वेलिणकर. मलिक पगडी बांधून ‘सॉपविथ कॅमल’ उडवीत. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. रॉय यांनी जुलै १९१८ च्या अवघ्या दोन आठवड्यांत दहा विमाने पाडली आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. सेन युद्धकैदी झाले. वेलिणकरांच्या वाट्याला मात्र ना पराक्रमाची आकडेवारी आली, ना दीर्घायुष्य.

त्या काळी भारतीय तरुणाला अधिकारपद मिळणे किती दुर्घट होते, हे मलिक यांच्या उदाहरणावरून कळते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या तरुणालाही आधी फ्रेंचांच्या रुग्णवाहिकेवर काम करावे लागले आणि त्यांच्या प्राध्यापकांनी शब्द टाकल्यावरच हवाईदलाचे दार उघडले. जिथे दारच बंद, तिथे आत शिरणे हाच पहिला पराक्रम होय.

वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘सॉपविथ डॉल्फिन’ हे विमान उडवीत. मे १९१७ मध्ये प्रथम उडालेले हे विमान मोठे चमत्कारिक होते. सामान्य द्विपंखी विमानात वरचा पंख खालच्या पंखाच्या थोडा पुढे असतो; डॉल्फिनमध्ये तो मागे सरकलेला. वरचा पंख इतका खाली बसविलेला की, वैमानिकाचे डोके त्यातील उघड्या चौकटीतून वर येई. त्यामुळे वर आणि पुढे स्पष्ट दिसे. परंतु उतरताना विमान उलटले, तर सारा भार मानेवर येण्याचे भय असे. दोनशे अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा इंजिन वेगवान होते खरे, पण त्याच्या दंतचक्रांत वारंवार बिघाड होई. समोर दोन व्हिकर्स तोफा आणि वर तिरक्या रोखलेल्या दोन लुईस तोफा. या लुईस तोफा हलून वैमानिकाच्याच तोंडावर आदळत, म्हणून पुष्कळ जण त्या काढून टाकीत. आणखी गंमत म्हणजे, नव्या आकारामुळे सुरुवातीला दोस्तांचेच वैमानिक याला शत्रूचे विमान समजून हल्ला करीत.

या विमानाचा पंखविस्तार ९.९१ मीटर. आम्ही एकास आठ हे प्रमाण धरले, म्हणजे प्रतिकृती सव्वा मीटर रुंद झाली. आराखडा समोर असूनही पहिला घोटाळा मीच केला. बांधकामाच्या नकाशांवर आयुष्यभर सह्या केलेला मी सरकारी अधिकारी. हात सवयीने चालले आणि वरचा पंख मी पुढे बसविला. चिकटलेले सगळे खांब तिसऱ्या दिवशी नातवाने मोजले आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही डॉल्फिनचा कॅमल केलात!” सारे सोडवून पुन्हा लावण्यात महिना गेला.

दुसरा प्रश्न कापडाचा. मूळ विमानाचे पंख लाकडी फासळ्यांवर लिननचे कापड ताणून, शिवून आणि त्यावर डोप नावाचे रोगण चढवून केलेले असत. रोगण सुकले की कापड ढोलावरच्या चामड्यासारखे आवळे. बुऱ्हाणपूर तर कापडाचेच गाव. पण यंत्रमागावरचे साधे सुती कापड एकास आठ प्रमाणात सुतळीच्या चटईसारखे दिसू लागले. अखेर पैलतीरावरच्या एका वृद्ध विणकरांनी जुन्या पेटीतून जी मलमल काढून दिली, तीच उपयोगी पडली. ती कशासाठी हवी हे ऐकल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत. पंखांमधील ताणाच्या तारांसाठी सतारीची बारीक तार वापरली. एक तार अधिक ताणली की, अख्खा पंख पिळवटे. म्हणून समोरासमोरच्या तारा जोडीनेच ताणाव्या लागत.

खरा मतभेद रंगकामाच्या वेळी झाला. वरून खाकी-हिरवट, खालून कापडाचाच रंग, पंखांवर निळ्या-पांढऱ्या-तांबड्या चक्रांची खूण, एवढे निर्विवाद होते. नातवाची इच्छा अशी की, नाकाडावर भगवा झेंडा आणि देवनागरीत वेलिणकरांचे नाव रंगवावे. घरातल्या इतरांनीही त्याची बाजू घेतली. मी नकार दिला. हा तरुण परक्या राजाच्या चिन्हाखाली लढला, हे सत्य आपल्याला टोचते म्हणून ते रंगाखाली झाकायचे काय? ज्या चक्राखाली त्यांनी प्राण दिला, ते चक्र पुसणे म्हणजे त्यांचाच एक अंश पुसणे. दोन दिवस अबोला झाला. शेवटी विमान जसे होते तसे ठेवले आणि नाव खालच्या लाकडी बैठकीवर कोरले.

जून १९१८ च्या अखेरीस वेलिणकर गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते शत्रूच्या हाती पडले व ३० जून रोजी त्यांचे निधन झाले. जर्मनांनी त्यांना पुरले. युद्ध संपल्यावरही काही काळ त्यांचा ठावठिकाणा लागला नव्हता. आज त्यांची कबर फ्रान्समधील सोम प्रांतात, हांगार येथील युद्धस्मशानात आहे. पुढे १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत भारतीय हवाईदलाचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, तेही चार ‘वापिती’ या द्विपंखी विमानांवरच.

प्रतिकृती आता आमच्या ओसरीवर टांगली आहे. आहुखान्याकडे फिरायला जाताना मनात येते की, सम्राज्ञीची सहा महिन्यांची विश्रांतीही हे गाव चार शतके विसरले नाही. दूरदेशी मातीत निजलेल्या आपल्या एका मुलाचे नाव निदान आपण तरी शुद्ध उच्चारावे. कोणी पाहुणा विमानाखाली थांबला, तर नातू बैठकीवरचे नाव वाचून दाखवतो. वरचा पंख मागे का, हेही तोच सांगतो.