नवी विंडोज आली, पण मराठी कुठे गेली?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून देतोय. बोलताना घाईत सुटलेले एक-दोन मुद्दे इथे जरा वाढवलेत. बाकी सगळं तेच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळ असो, पुसद असो की वणी, तहसील ऑफिससमोरच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत एकच चर्चा आहे: मशीन बदलायची की विंडोज ११ टाकायची? यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले सांगतात की स्टार्ट बटण मधोमध आलंय, खिडक्यांचे कोपरे गोल झालेत. आपल्याकडचा दुकानदार मात्र ते बघतच नाही. तो आधी नोटपॅड उघडतो आणि विचारतो, "मराठी टाइप होऊन राहिली का बे?"

झाली, तर विंडोज चांगली. नाही झाली, तर परत जुनी टाक.

आता काऊन असं? इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. आपल्याला पडतो, कारण गेली चाळीस वर्षं कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली की मराठीची तब्येतही बदलत आलीय. आजचा एपिसोड त्याचाच इतिहास आहे.

डॉस: कार्ड बसवा, मग मराठी वाचा

सुरुवात १९८० च्या दशकात. तेव्हाच्या पीसीवर डॉस चालायचं, काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम झालं आणि त्यातून 'जिस्ट' नावाचं तंत्रज्ञान आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे वाढलं. जिस्टचं एक कार्डच असायचं. ते पीसीच्या आत बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची. म्हणजे आज आपण गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड घेतो ना, तसं तेव्हा 'क' बघायला कार्ड लागायचं.

याच काळातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. एक म्हणजे 'इस्की', भारतीय लिप्यांसाठीची सरकारी संकेतप्रणाली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. दुसरी म्हणजे 'इनस्क्रिप्ट' कीबोर्ड. यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. आज कुठल्याही विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड चालू केला तर हाच लेआउट समोर येतो.

विंडोज ९५: इंग्रजीला घातलेला मराठी सदरा

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आली. माऊस, रंग, खिडक्या, सगळं नवीन. पण या विंडोजला देवनागरी येत नव्हती. मग आपल्या लोकांनी जुगाड केला, आणि तो जुगाड इतका पक्का निघाला की अजून दुकानांत जिवंत आहे.

इंजिनीअरच्या भाषेत सांगतो, पण सोपं आहे. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, नंबर साठवतो. इंग्रजीतल्या स्मॉल ई चा नंबर १०१. फॉन्टचं काम एवढंच की १०१ दिसला की ई चं चित्र काढायचं. आता ई च्या चित्राच्या जागी 'म' चं चित्र बसवलं तर? कॉम्प्युटरला वाटतं ई लिहिलाय, आपल्याला दिसतो म. कृतिदेव फॉन्ट नेमका हेच करतो. त्यात 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये स्मॉल ई, जे, के, मग कॅपिटल बी आणि शेवटी एच असा साठतो. फॉन्ट काढून टाका, मराठी गेली. उरते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

बरं, प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळ्या नंबरांवर. श्रीलिपीचं एक, कृतिदेवचं दुसरं, शिवाजीचं तिसरं. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडायची तर फॉन्टही सोबत फ्लॉपीत न्यावा लागायचा. मजकुरात एखादं नाव शोधता यायचं नाही, यादी अकारविल्हे लावता यायची नाही. पण छापून मात्र झकास यायचं! लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, गावोगावचे छोटे दिवाळी अंक, सगळं पेजमेकरमध्ये याच फॉन्टांवर झालं. कागद महत्त्वाचा होता, फाइल नव्हे. त्यामुळे कुणाला त्रास जाणवला नाही.

एक्सपी: एका टिकमार्कची गोष्ट

तिकडे जगात वेगळंच काम चालू होतं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. कल्पना सरळ होती: जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीवर बेतलेली होती. आता 'म' म्हणजे २३५०. त्याला ई चा नंबर उसना घ्यायची गरज उरली नाही.

विंडोज २००० मध्ये देवनागरी पहिल्यांदा आतूनच आली. पण घराघरात आणि सायबर कॅफेत पोचली ती एक्सपी, २५ ऑक्टोबर २००१ ला आलेली. हिरवं डोंगर-कुरण आणि निळं आकाश असलेला तिचा वॉलपेपर आठवत असेलच. आणि त्याच सुमारास, २००१-०२ मध्ये, एमकेसीएलने एमएस-सीआयटी कोर्स सुरू केला. गावाकडच्या कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला तो याच कोर्सच्या क्लासमध्ये.

पण एक्सपीत एक गोम होती. देवनागरी होती, पण बंद. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करायची. टिक केली की ती विंडोजची सीडी मागायची. आता सांगा, सीडी कुणाकडे असणार? दुकानदाराने मशीन भरून दिली आणि सीडी नेली परत. टिक नसली की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडलेली. लोकांना वाटायचं, युनिकोड म्हणजेच हे असलं मोडकं मराठी. त्यापेक्षा आपला कृतिदेव बरा!

१ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच वातावरणात. मराठी वाचायच्या आधी मराठी दिसायची कशी, हेच लोकांना शिकावं लागत होतं. मला वाटतं, युनिकोड आपल्याकडे उशिरा रुजण्यात त्या एका न केलेल्या टिकमार्कचा वाटा फार मोठा आहे. तंत्रज्ञान होतं, फुकट होतं, मशीनमध्ये होतं. फक्त कुणी चालू करून दिलं नाही.

मंगल कुणी काढला?

विंडोजमध्ये देवनागरी दिसायची ती 'मंगल' फॉन्टमध्ये. रोज वापरतो, पण तो काढला कुणी हे विचारत नाही. तर तो काढला र. कृ. जोशी यांनी. मराठी कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारे. २००८ मध्ये ते गेले. जगभरातल्या विंडोजवर वर्षानुवर्षं जी देवनागरी दिसली, तिच्यामागे एका मराठी कवीचा हात होता. हे मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

तरी मंगलमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. आपल्या शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य सरकारने वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला, त्यातही मराठी वळणाची हीच अक्षरं आहेत. मुद्दा बारीक वाटेल. पण पहिलीतल्या पोराने पाटीवर एक ल काढायचा आणि स्क्रीनवर दुसरा बघायचा, हे काही बरं नाही.

अजून एक बारीक गोष्ट: 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर वेगळा चंद्र द्यायचे. दिसायला दोन्ही सारखेच, पण आत नंबर वेगळे. म्हणून एखाद्या जुन्या यादीत 'ॲड.' शोधलं की निम्मे वकील सापडतच नाहीत!

व्हिस्टापासून मोबाइलपर्यंत

२००७ च्या व्हिस्टापासून ती टिक करायची भानगड संपली. मराठी आपोआप दिसू लागली. २००९ ला विंडोज ७ आली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवलं. राज्य सरकारनेही आपल्या कार्यालयांना युनिकोड वापरायला सांगितलं.

पण दुकानं एक्सपीवरच अडून बसली. आळस हे कारण नव्हतं. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसेलच याची खात्री नव्हती. कामाची सवय टाइपरायटरच्या लेआउटची. नवीन विंडोज म्हणजे रोजी बुडण्याची भीती. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, तरी टेबलाखाली ती मशीन चालूच राहिली.

खरा बदल केला मोबाइलने. ॲण्ड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनवर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसायचे. २०११ च्या ॲण्ड्रॉइड ४.० पासून देवनागरी नीट दिसू लागली. २०१४ च्या लॉलिपॉपमध्ये फोनची भाषाच मराठी ठेवता येऊ लागली. कृतिदेव व्हॉट्सॲपवर चालत नाही, त्यामुळे अख्खा महाराष्ट्र न सांगता युनिकोडवर आला. कुठल्याही शासन निर्णयाला जे जमलं नाही, ते सुप्रभातच्या मेसेजने करून दाखवलं.

आणि हे नुसत्या हौसेचं काम नाही. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. आपल्या जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांनीही ते केंद्रावर रांगा लावून भरले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. नाव बरोबर साठलंय की नाही, शोधल्यावर सापडतं की नाही, यावर आता माणसाचं काम अडतं.

आता विंडोज ११, आणि एक विनंती

तर पहिलं इम्प्रेशन काय? मराठीपुरतं बोलायचं तर विंडोज ११ छान आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा, इनस्क्रिप्ट आहेच. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायचा फोनेटिक कीबोर्डही आहे, तो विंडोज १० मध्ये २०१९ ला आला होता. ना सीडी, ना टिक.

अडचण वेगळीकडे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर ती अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे ही मशीन एक तर भंगारात जाणार, नाही तर फॉरमॅट होणार. आणि त्यांच्या हार्ड डिस्कवर काय आहे? वीस-पंचवीस वर्षांचं आपलं लिखाण. गावचा इतिहास लिहिणाऱ्या मास्तरांची पुस्तिका, शाळेची स्मरणिका, कुणाचा न छापलेला कवितासंग्रह. सगळं पेजमेकरमध्ये, कृतिदेव किंवा श्रीलिपीत. आजची इनडिझाइन पेजमेकरची फाइल थेट उघडत नाही. फॉन्ट हरवला तर मजकूर म्हणजे खिचडी.

थोडं मागे जाऊन बघा. १९१८ च्या सुमारास वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळातून 'लोकमत' साप्ताहिक काढलं. खिळे जुळवून छापलेल्या त्या काळच्या अंकाचा कागद टिकला असेल, तर तो आजही कुणीही वाचू शकतो. १९९८ ची पेजमेकर फाइल मात्र तिची मशीन गेली की वाचता येत नाही.

म्हणून, मशीन फॉरमॅट करायच्या आधी तीन कामं करा.

पहिलं, जुन्या फाइल आणि त्यांचे फॉन्ट, दोन्ही एकाच पेन ड्राइव्हमध्ये घ्या. नुसती फाइल घेऊन उपयोग नाही.

दुसरं, जुनी मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा. शोधता नाही आलं तरी डोळ्यांनी वाचता येईल.

तिसरं, मजकूर बाहेर काढून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदला आणि मग एकदा वाचा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट. 'दऱ्या'मधल्या ऱ्याचं वेगळंच. कन्व्हर्टर इथेच घसरतात. नावं, आडनावं आणि गट नंबर स्वतः तपासा.

तुमच्या गावातल्या डीटीपीवाल्या काकांना हा एपिसोड पाठवा. आणि नुसता पाठवू नका, रविवारी तासभर जाऊन बसा त्यांच्याजवळ. त्यांना फाइल कुठे आहेत ते माहीत आहे, तुम्हाला कन्व्हर्टर माहीत आहे. दोघं बसलात तरच हे काम होईल.

काही सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या!