तोंडाचा पट्टा आणि हातातला पट्टा

"तोंडाचा पट्टा जरा बंद कर" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी ऐकू येते. बडोद्यात पिढ्या गेल्या. मराठी वाक्यात गुजराती शब्द कधी येऊन बसतो ते आता कळतही नाही, पण मुलांना रागवायची वेळ आली की भाषा आपोआप जुन्या वळणावर जाते. गेल्या श्रावणात आमच्या धाकटीने या वाक्यावर उलट विचारले, "बाबा, तोंडाला बेल्ट कसा असेल?" तिला ठाऊक असलेला पट्टा एकच, शाळेच्या गणवेशाबरोबर कमरेला लावतात तो. त्यात तिचे काही चुकले नाही. तो पट्टा कसा होता हे दाखवायला आमच्यापाशीच काही उरलेले नव्हते. एकेकाळी घरात होते. ते कसे गेले, ते पुढे सांगतो.

शस्त्रांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत प्रत्येकाचे एक आवडते शस्त्र असते. कुणाला भवानी तलवार, कुणाला बिचवा. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हापासून वाघनखांचे पारडे जड आहे. ती महाराजांचीच असल्याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. तरी लोक रांगा लावून पाहायला गेले, आणि त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. आमचे मन मात्र लहानपणापासून पट्ट्यात गुंतलेले आहे. आता कारणे विचारली तर ती जराशी यंत्रशाळेतली आहेत. आम्ही डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये कानस चालवत वाढलेले. वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय ती आवडली असे म्हणवत नाही.

तलवारीला मूठ असते, तशी पट्ट्याला नसते. पट्ट्याला खोबळा असतो. खोबळा म्हणजे हात आत घालायचे लोखंडी किंवा पोलादी कवच. बोटांपासून जवळजवळ कोपरापर्यंत हात त्यात जातो. आत एक आडवी दांडी असते, ती मुठीत घट्ट धरायची, आणि मागच्या टोकाला एक पट्टी हाताभोवती येते. खोबळ्याच्या पुढून तीन ते चार फूट लांब, सरळ, बहुधा दुधारी पाते निघते. अनेक जुन्या खोबळ्यांवर सिंहाचे किंवा मगरीचे तोंड कोरलेले दिसते. पाते त्या जबड्यातून बाहेर आल्यासारखे वाटते.

आता यातली गंमत पाहा. तलवार चालवणाऱ्याचे मनगट मोकळे असते. वार अर्ध्यात थांबवता येतो, वळवता येतो, समोरच्याची तलवार अडवता येते. खोबळ्यात हात गेला की मनगट संपले. पुढचा हात आणि पाते मिळून एकच लांब दांडा होतो. वार मनगटातून निघत नाही. तो खांद्यातून, कमरेतून, खरे तर पायांतून येतो. खांद्यापासून पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर साडेपाच-सहा फुटांच्या घरात जाते. फिरत्या वस्तूचे टोक मध्यापासून जितके लांब, तितका त्याचा वेग जास्त, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पाते लवचीक, म्हणून ते सहज मोडत नाही. शिवाय हात कवचात असल्यामुळे हातावर आलेला घाव लोखंडावर जातो.

याची किंमतही आहे. सुटलेला हात मध्येच आवरता येत नाही. आवरायला गेलात तर तोल जातो आणि अंग उघडे पडते. म्हणून पट्टेकरी थांबतच नाही. एका वाराचा शेवट हीच पुढच्या वाराची सुरुवात. उजवीकडून गेलेले पाते डोक्यावरून फिरून डावीकडून येते, माणूस पायांवर गिरकी घेतो, आणि त्याच्याभोवती पोलादाचे कडे तयार होते. जवळ जायला फट सापडत नाही. एकटा माणूस चारी बाजूंच्या गर्दीला दूर ठेवतो तो याच युक्तीने.

एखादी आत्याबाई बोलायला लागल्या की मध्ये शब्द घालायला फट मिळत नाही, एक वाक्य संपता संपता दुसरे निघालेले असते, आणि थांबवावे कुठे ते त्यांनाही कळत नाही. ज्या कुणी पहिल्यांदा याला तोंडाचा पट्टा म्हटले, त्याने खरा पट्टा चालताना पाहिलेला होता, यात आम्हाला शंका नाही.

भाषेत अशा खुणा आणखी आहेत. 'पटाईत' हा शब्द आपण स्वयंपाकात पटाईत, हिशेबात पटाईत, थापा मारण्यात पटाईत असा सर्रास वापरतो. भाला चालवणारा तो भालाईत, तसा पट्टा चालवणारा तो पटाईत. शस्त्र अवघड, ते ज्याला साधले तो हुशारच असणार, म्हणून पुढे कोणत्याही कामातला तरबेज माणूस पटाईत झाला. वर्तमानपत्रात पुढारी रोज 'पवित्रा' घेतात, तोही आखाड्यातला. पाय कसे रोवून उभे राहायचे त्याला पवित्रा म्हणतात. आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज ज्या शब्दाने ओळखले जात, तो 'शिलेदार' फारसीतून आला. सिलाह म्हणजे शस्त्र. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. 1734 मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. त्यांच्या पागांबरोबर जी कुटुंबे इकडे आली, त्यांनी घोड्याच्या पाठीवर संसार आणला तो हत्यारांसकट.

पट्ट्याची सर्वांत प्रसिद्ध कथा प्रतापगडाची, 10 नोव्हेंबर 1659 ची. अफझलखानाच्या सोबत सय्यद बंडा होता. बखरी सांगतात की तो नामांकित पटाईत होता, आणि भेटीपूर्वी त्याला शामियान्यापासून दूर करावे असा आग्रह महाराजांच्या बाजूने धरला गेला. पुढची झटापट आपण पोवाड्यांतून, नाटकांतून शंभरदा ऐकली आहे. सय्यद बंडा धावून आला आणि जिवा महालाने त्याचा हात तोडला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तिथली.

लहानपणी आम्हाला या गोष्टीत फक्त शौर्य दिसे. पुढे पट्ट्याची घडण कळल्यावर ती पुन्हा वाचली, तेव्हा वाटले की हात तोडला हा तपशील नुसता रंगवण्यासाठी आलेला नसावा. तलवार हातातून उडवता येते. पट्टा उडवता येत नाही, कारण तो हातात धरलेला नसून हातावर चढवलेला असतो. चालता पट्टा थांबवायचा तर हातच थांबवावा लागतो. सय्यद बंडाला आधी दूर करायला लावणे आणि मग त्याचा हातच तोडणे, दोन्ही गोष्टी पट्टा म्हणजे काय हे पक्के ठाऊक असलेल्या माणसांच्या आहेत.

पात्यांची एक बाजू आपण फारशी बोलत नाही. जुन्या पट्ट्यांची कितीतरी पाती युरोपातून आलेली आहेत. समुद्रमार्गे, पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या हातून, जर्मनी, इटली, स्पेनकडची सरळ पाती कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरत. त्यावरूनच सरळ तलवारीला 'फिरंग' हे नाव पडले. इथल्या कारागिरांनी ती पाती घेतली आणि त्यांना आपल्या पद्धतीचा खोबळा बसवला. पाते परदेशी म्हणून शस्त्राला कमीपणा येतो असे आम्हाला वाटत नाही. चांगले पोलाद जिथे मिळेल तिथून घ्यावे आणि आपल्या हाताला बसेल असे करून घ्यावे, हे कुठलाही फिटर मान्य करील.

इथे आवडीला थोडा लगाम घालायला हवा. मराठ्यांनी लढाया पट्ट्याने जिंकल्या असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. मराठी घोडदळाचे नेहमीचे हत्यार भाला, त्याला जोडीला तलवार आणि ढाल. गडावर तोफा, जंबुरे आणि वरून लोटायचे दगड. पट्टा हे निवडक माणसांचे हत्यार. तो शिकायला वर्षे जात. कमरेला सहज लटकवता येत नाही, चढवायला वेळ लागतो, आणि चढवल्यावर त्या हाताने लगामसुद्धा धरता येत नाही. दाट रांगेत तर तो निरुपयोगीच, शेजारच्या आपल्याच माणसाला लागायचा. बंदुकांच्या फैरी सुरू झाल्यावर त्याचे दिवस भरले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले सरदार कवायती पलटणी आणि तोफांमागे धावत होते, तेव्हा पट्टा मिरवणुकीत आणि आखाड्यात शिरू लागला होता.

आखाड्यात शिरला म्हणूनच तो वाचला. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलखात शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला. संस्थानांत त्यांचे स्वतःचे कायदे असत, पण वारे तेच होते. मग काठी, फरी-गदका, बनेटी, बोथाटी यांच्या रूपाने जुनी विद्या तालमींत राहिली. बोथाटी म्हणजे टोक बोथट केलेला सरावाचा भाला. नावातच सगळे आले.

यात आपल्या बडोद्याचा वाटा मोठा आहे. उस्ताद जुम्मादादांचा आखाडा आणि तो पुढे नावारूपाला आणणारे राजरत्न प्रा. माणिकराव यांच्याविषयी आपल्या जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको. त्या काळी मल्लखांब, लाठी, पट्टा यांचे शिक्षण गुरूच्या मर्जीवर चाले. एका उस्तादाचे हात दुसऱ्याच्या शिष्याला कळत नसत, आणि गुरू गेला की विद्या त्याच्याबरोबर जाई. माणिकरावांच्या व्यायाममंदिरात हीच विद्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना एकाच वेळी, हुकुमावर शिकवण्याचा प्रयत्न झाला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तर बडोद्यातूनच 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. देशी खेळ आणि हत्यारांचे हात चित्रांसह कागदावर उतरले, तेही मराठीत, आणि महाराष्ट्राच्या बाहेर बसून. आज असे काम करायचे म्हटले तर आधी समित्या नेमल्या जातील. (आम्ही स्वतः सरकारी नोकर, तेव्हा हे बोलायचा अधिकार आहे.)

आता आमच्या घरातल्या पट्ट्याविषयी. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, फुटक्या पाळण्याच्या मागे, एक पट्टा पडलेला असे. पाते मध्येच तुटलेले, हातभर उरलेले. खोबळा गंजलेला, पण पुढचे सिंहाचे तोंड ओळखू येई. तो कोणाचा, कुठल्या स्वारीतला, कुणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. आम्ही आणि चुलतभाऊ त्यात हात घालून रोबोट-रोबोट खेळत असू. त्या वयात आमचे हात खोबळ्यात पूर्ण बुडत आणि आतली दांडी धरायला बोटे पुरत नसत. वाडा विकला तेव्हा माळा रिकामा करायचे काम आम्हा मुलांकडे आले. तांब्या-पितळेची भांडी वेगळी काढली, आणि लोखंड भंगारवाल्याला वजनावर दिले. खोबळा तराजूत टाकताना त्याने एकदा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "आ शुं छे?" आम्ही म्हणालो, "कंई नथी, जूनुं छे." तेव्हा आमचे वय सतरा होते आणि 'पटाईत' हा शब्द आम्ही रोज वापरत होतो.

19 फेब्रुवारी 2024 रोजी आग्र्याच्या किल्ल्यातल्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा आठवला तो भंगारवाल्याचा तराजू.

विसर्जनाच्या मिरवणुकीत पूर्वी लाठी-पट्ट्याचे पथक हमखास असे. तळहातावरच्या लिंबाचे दोन तुकडे व्हायचे आणि हाताला ओरखडा नसायचा. ते पाहायला आम्ही वडिलांच्या खांद्यावर बसत असू. आता स्पीकरच्या भिंतीपुढे पट्ट्याचा सणसण आवाज ऐकू येणे शक्य नाही, आणि गर्दीत खरे पाते फिरवायला परवानगी मिळवणे सोपे नाही. ते योग्यही आहे. बोथट पाते, मोकळे मैदान आणि जाणता शिकवणारा, या तीन गोष्टी असल्या तर मिरवणुकीवाचून अडत नाही.

धाकटीला आम्ही व्यायाम ज्ञानकोशातली चित्रे दाखवली. खोबळा म्हणजे काय, ते पुठ्ठ्याची नळी तिच्या हातावर चढवून, आत पेन्सिल आडवी धरायला लावून समजावले. पुढे फूटपट्टी चिकटवली. पाच मिनिटांत दिवाणखान्यातली एक फुलदाणी गेली, तेव्हा चालता पट्टा आवरत नाही हे तिला आमच्या व्याख्यानापेक्षा लवकर कळले. आता दर रविवारी सकाळी ती काठी शिकायला जाते. तिथल्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितले की वर्षभर फक्त काठी आणि पायांचे पवित्रे, पट्ट्याचे नाव काढायचे नाही. तीन महिने झाले. पोटऱ्या दुखतात अशी तक्रार ती रविवारी दुपारी जेवताना सुरू करते, ती चहापर्यंत चालते.